मेंढपाळ आणि पाळक

ईश्वर कोणासारखा आहे, या प्रश्नाचे उत्तर मनुष्याने आकाशाकडे पाहून क्वचितच दिले आहे. बहुधा ते त्याने आपल्या घरात, शेतात अथवा रानात शोधले. आमच्या संतांना ते घरात सापडले. हातचे काम टाकून लेकराकडे धावणारी आई, वासराच्या ओढीने हंबरत परतणारी गाय, नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करणारी कासवी ही आमच्या भक्तिवाङ्मयातील घरोघर ठाऊक असलेली चित्रे होत. विठ्ठलास 'माउली' म्हणताना आपण उपमा योजीत आहो याचे वारकऱ्यास भानही राहत नाही. यहुदी लोकांना तेच उत्तर रानात सापडले. उजाड टेकड्यांवरून, पाण्याच्या शोधात, मेंढरांच्या पुढे चालणारा मेंढपाळ हे त्यांच्या ईश्वराचे चित्र झाले. ख्रिस्ती धर्माने ते वारसाहक्काने घेतले. आणि रोमच्या भुयारांतून, गोव्याच्या हस्तिदंती मूर्तींतून, बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून फिरत फिरत ते मराठी भाषेत आले व तेथून वऱ्हाडच्या घाटावरही पोचले. या प्रवासात त्या चित्राचे काय झाले, आणि ज्या प्रदेशात खरा मेंढपाळ आजही खांद्यावर घोंगडे टाकून हिंडतो त्या बुलढाणा जिल्ह्यात त्याचा अर्थ काय लागतो, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक अडचण मान्य केली पाहिजे. मराठी कानाला ही उपमा प्रथमतः गोड लागत नाही. एखादा मनुष्य स्वतःची बुद्धी न चालविता दुसऱ्याच्या मागे गेला, की आपण त्यास मेंढरू म्हणतो. ज्या समाजास अंधानुकरणाचा राग आहे, त्यास 'तुम्ही कळपातील मेंढरे आहात' असे सांगणारा धर्म काय शिकविणार, अशी शंका सुशिक्षित वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या शंकेचे निरसन करावयाचे तर उपमा कोणाच्या वर्तनाविषयी बोलते, हे आधी पाहिले पाहिजे. जुने ग्रंथ चाळता आम्हांस असे दिसते, की त्यांत मेंढराच्या आज्ञाधारकपणाचे गोडवे फारसे नाहीत. वर्णन आहे ते मेंढपाळाच्या कर्तव्याचे, त्याच्या जागरणाचे, आणि ते न केल्यास त्याने द्यावयाच्या जबाबाचे. ही उपमा मुळात प्रजेसाठी रचलेली शिकवण नसून राखणाऱ्यासाठी लिहिलेला करारनामा आहे, असे आमचे मत आहे. आणि त्याची साक्ष इतिहास देतो.

मेंढपाळ ही पदवी प्रथम देवापेक्षा राजास अधिक चिकटलेली होती. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकात कोरविलेल्या आपल्या कायद्याच्या शिलालेखात स्वतःस देवांनी नेमलेला मेंढपाळ म्हणविले आहे. मिसर देशाच्या फॅरोच्या हाती राजदंड म्हणून जी वाकडी काठी दिसते ती धनगराच्या आकडीचीच प्रतिमा होय. ग्रीक महाकवी होमरही राजास लोकांचा मेंढपाळ म्हणतो. पदवी सुंदर आहे. परंतु पदवी धारण करणाऱ्याने स्वतःच ती घेतली, म्हणजे तिची परीक्षा घेणारे कोणी उरत नाही. यहुदी संदेष्ट्यांची थोरवी अशी, की त्यांनी ही पदवी राजांच्या हातून काढून घेतली आणि तिचे माप करून त्याच राजांना मोजले.

हे करणे त्यांना साधले याचे कारण ते मेंढपाळाचा धंदा जाणत होते. त्या काळी पुष्कळदा मेंढपाळ दुसऱ्याची जनावरे राखीत असे. आपल्याकडे ज्यास राखोळी म्हणतात तोच व्यवहार. निर्गम या पुस्तकातील कायद्याप्रमाणे राखावयास दिलेले जनावर चोरीस गेले, तर राखणाऱ्याने भरपाई करावी. मात्र श्वापदाने फाडले असेल तर त्याचे अवशेष पुरावा म्हणून आणून दाखवावे, मग भरपाई नाही. आमोस हा संदेष्टा तकोवा गावचा, स्वतः मेंढरांमागे हिंडलेला. इस्राएलाच्या नाशाचे भाकीत करताना तो सांगतो, की सिंहाच्या तोंडून मेंढपाळ दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो, तेवढेच तुमचे शिल्लक राहील. नगरात वाढलेल्या कवीला हा तपशील सुचला नसता. तो कानाचा तुकडा म्हणजे मालकापुढे ठेवावयाचा पुरावा होता. कुलपती याकोब आपला सासरा लाबान याच्यापुढे वीस वर्षांचा हिशेब मांडतो तोही याच धर्तीचा आहे: फाडलेले जनावर आपण दाखवावयासही आणले नाही, तोटा स्वतः सोसला, दिवसा उन्हाने व रात्री थंडीने अंग जाळले, आणि डोळ्यांवरची झोप उडाली. कायद्याने जी सूट दिली होती तीही ज्याने घेतली नाही, असा हा मेंढपाळ.

यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात हा विचार कळसास पोचतो. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात यरुशलेम पडले, मंदिर जळले, लोक बाबिलोनास बंदिवासात गेले. या सर्वनाशाचा दोष यहेज्केल शत्रूवर टाकीत नाही. तो आपल्याच राज्यकर्त्यांना उभे करतो. तुम्ही चरबी खाल्ली, लोकर पांघरली, पुष्ट जनावरे कापली. पण दुबळ्याला बळ दिले नाही, मोडलेल्याला बांधले नाही, हरवलेल्याला शोधले नाही, असा त्याचा आरोप आहे. म्हणून देव ही राखोळी त्यांच्याकडून काढून घेणार व मेंढरे स्वतः राखणार. ईश्वर मेंढपाळ आहे, या वाक्यामागे असा एक बडतर्फीचा हुकूम आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. तेवढ्यावरच तो थांबत नाही. कळपातील लठ्ठ मेंढरे चांगले गवत खाऊन उरलेले पायांनी तुडवितात, स्वच्छ पाणी पिऊन उरलेले गढूळ करितात, आणि दुबळ्यांना खांद्याने ढकलतात. तेव्हा मेंढरामेंढरांमध्येही न्याय होईल, असे तो बजावतो. गावच्या पाणवठ्याचा इतिहास ज्यास ठाऊक आहे अशा कोणाही महाराष्ट्रीयास हे शब्द परके वाटू नयेत.

दाविदाच्या नावे प्रसिद्ध असलेले तेविसावे स्तोत्र याच परंपरेतील. ते आज जगभर मृत्युशय्येजवळ व दुखवट्यात म्हटले जाते, त्यामुळे त्याचा सूर केवळ सांत्वनाचा आहे असा समज झाला आहे. वास्तविक त्यात मेंढपाळाच्या हाती दोन आयुधे आहेत. एक श्वापदावर उगारावयाचा सोटा आणि दुसरी चालताना टेकावयाची, चुकल्या मेंढरास वळवावयाची काठी. अंधाऱ्या दरीतून जाताना भय वाटत नाही, ते दरी नसल्यामुळे नव्हे. दरी आहेच, पण सोटा बाळगणारा बरोबर आहे.

येशू ख्रिस्ताने हे चित्र घेतले तेव्हा त्यात दोन गोष्टींची भर पडली. नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधास जाणारा मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात येतो. व्यवहाराच्या दृष्टीने हा हिशेब तोट्याचा दिसतो. परंतु ज्याला नव्याण्णवांनी समाधान वाटते त्याला शंभराची किंमत कळलेली नाही, हे त्यातील मर्म आहे. दुसरी भर योहानाच्या शुभवर्तमानातील. तेथे मोलकरी आणि खरा मेंढपाळ यांतील भेद लांडगा येईपर्यंत कळत नाही. लांडगा आला की मोलकरी पळतो, कारण मेंढरे त्याची नव्हेत. खरा मेंढपाळ जीव देतो. राखणाऱ्याच्या जबाबदारीस येथे सीमाच उरली नाही. शिवाय हेही ध्यानात घेतले पाहिजे, की त्या देशात मेंढपाळ हा प्रतिष्ठित मनुष्य नव्हता. उत्तरकालीन यहुदी धर्मशास्त्र्यांनी तर न्यायसभेत त्याची साक्षही अग्राह्य ठरविली, कारण तो दुसऱ्याच्या शेतात जनावरे घालतो असा त्याजवर वहीम असे. ज्याची साक्ष कोणी घेत नव्हते त्याच्या वेषात ईश्वराला उभे करणे हे त्या काळी लहान धाडस नव्हते.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना हे चित्र किती प्रिय होते, याचा पुरावा रोम नगराखालील दफनाच्या भुयारांत आहे. प्रिस्किल्ला व कॅलिस्टस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भुयारांच्या छतांवर खांद्यावर मेंढरू घेतलेला बिनदाढीचा तरुण रंगविलेला आढळतो. सीरियातील दुरा-युरोपस येथे इ. स. २४० च्या सुमाराचे जे ख्रिस्ती प्रार्थनागृह उत्खननात सापडले, त्याच्या बाप्तिस्म्याच्या कुंडावरही हाच मेंढपाळ आहे. क्रूसावरील ख्रिस्ताची चित्रे पुढे कित्येक पिढ्यांनी रूढ झाली. खांद्यावर मेंढा घेतलेला पुरुष ग्रीक शिल्पात आधीपासून होता. हर्मीस देवाची तशी मूर्ती प्रसिद्ध आहे. नव्या धर्माने जुन्या कारागिरांचाच साचा घेतला, आणि रोमच्या नागरिकाने त्यात आपला अर्थ वाचला.

असाच प्रकार पुढे आपल्या किनाऱ्यावर घडला. सतराव्या शतकात गोव्यातील कारागीर आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताच्या मूर्ती कोरीत. त्यांपैकी उत्तम मेंढपाळाच्या मूर्ती आज जगातील अनेक संग्रहालयांत दिसतात. त्यांत मेंढपाळ तरुण नसून बालक आहे. तो उंच खडकावर पाय दुमडून बसला आहे. एक मेंढरू खांद्यावर, एक मांडीवर. गालाला हात लावून त्याने डोळे मिटले आहेत. खाली खडकाच्या थरांवर झरा, पाणी पिणारे पक्षी आणि चरणारी मेंढरे. युरोपातील नमुन्यांत अशी मूर्ती सहसा आढळत नाही. ध्यानस्थ बुद्ध व रानात गाई राखणारा बाळकृष्ण यांची छाया कलासमीक्षकांस तीत दिसली आहे, आणि ते अगदी साहजिक आहे. ज्या हातांनी ती कोरली त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरे नमुने कोणते असणार? याच काळात, १६१६ साली, गोव्यात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स याचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या या जेझुइटाने मराठीची थोरवी ओळखली आणि ख्रिस्तकथेला पुराणाचा घाट दिला. गोव्याचा मूर्तिकार व गोव्याचा पुराणकार दोघेही एकच काम करीत होते: परक्या रानातून आलेल्या मेंढपाळास येथल्या मातीत उभे करणे.

गद्य मराठीत हे काम बायबलच्या भाषांतरकारांकडे आले. विल्यम केरी याने श्रीरामपूर येथे पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने केलेला मराठी नवा करार १८११ साली छापला गेला. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुन्हा नव्याने भाषांतर हाती घेतले आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत झाले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून स्वतंत्र भाषांतर केले; साध्या बायाबापड्यांना कळावे हा त्यांचा हेतू होता. १९२२ साली मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी ते काम तडीस नेले. या सर्व खटाटोपात एका शब्दाची जी वाट झाली ती मोठी मनोरंजक आहे. ग्रीक भाषेत ख्रिस्तालाही 'पोयमेन' म्हणजे मेंढपाळ म्हटले आहे, आणि मंडळीच्या धर्मगुरूलाही तोच शब्द आहे. मराठीत मात्र एकाचे दोन झाले. ख्रिस्त तो 'मेंढपाळ', आणि मंडळी सांभाळणारा तो 'पाळक'. धर्मगुरूच्या नावातून मेंढी गळाली, पाळणे तेवढे राहिले.

हे 'पाळणे' क्रियापद मराठीचे मोठे धन आहे. आपण जनावर पाळतो, तसे वचन पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो. तान्ह्या लेकरास निजवितो तो पाळणा. म्हणजे सांभाळणे आणि दिल्या शब्दास जागणे हे दोन्ही अर्थ एकाच धातूत आहेत. पाळक म्हणजे जो राखतो, आणि जो बोललेले मोडीत नाही. परंतु याच धातूची आणखी एक लेक आहे, 'पाळत'. एखाद्यावर पाळत ठेवणे म्हणजे त्याच्या हालचालींवर नजर ठेवणे. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको याने १९७८ साली पॅरिस येथील व्याख्यानांत असे प्रतिपादन केले, की आधुनिक राज्यसत्तेला प्रत्येक व्यक्तीच्या जीविताची जी बारीक चौकशी असते तिचे मूळ ख्रिस्ती धर्मगुरूंच्या या मेंढपाळी सत्तेत आहे. त्याने जे ग्रंथभर मांडले ते मराठी भाषेने पाळणा आणि पाळत हे दोन शब्द शेजारी ठेवून आधीच सांगितले होते. राखणारा डोळा आणि रोखणारा डोळा यांत अंतर थोडे असते. ते अंतर राखण्याचे उत्तरदायित्व मात्र नेहमी राखणाऱ्याचे.

आता आपण बुलढाणा जिल्ह्यात येऊ. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत, आणि लोक त्यांना घाटावर व घाटाखाली अशा सोप्या नावांनी ओळखतात. खाली पूर्णेच्या खोऱ्यात कपाशीची काळी जमीन, मलकापूर व खामगाव या बाजारपेठा. वर बुलढाणा, चिखली, मेहकर यांचे माळ, जेथे पैनगंगा उगम पावते. या माळांचा जुना रहिवासी धनगर. शेजारच्या वाशीम भागातील हटकरांचा उल्लेख तर अकबराच्या काळी लिहिलेल्या 'ऐन-ए-अकबरी'तही आहे. पावसाळा संपला, सुगी निघाली, की धनगराचा वाडा हलतो. येथे वाडा म्हणजे दगडविटांचे घर नव्हे. घोडी, कोंबड्या, लेकरे, भांडी आणि मेंढरे यांसह चालणारे सारे बिऱ्हाड म्हणजे वाडा. रात्री मोकळ्या झालेल्या शेतात मेंढरे बसवावयाची, भोवती वाघूर म्हणजे जाळे ताणावयाचे, लेंडीखत शेताला मिळते व त्याच्या मोबदल्यात धनगराला धान्य अथवा पैसे. झाडाचा पाला ओढावयास लांब काठीची आकडी, थंडीपावसास घोंगडे, आणि वाटेत व्यालेल्या मेंढीचे कोकरू त्याच घोंगड्याच्या खोळीत.

यहुदियाचा मेंढपाळ समजून घेण्यासाठी युरोपातील भाष्यकारांनी पोथ्यांवर पोथ्या लिहिल्या. त्यांच्या देशात कुंपणांची कुरणे झाली होती. वऱ्हाडातील श्रोत्याला तेवढी दूरची चौकशी करण्याचे कारण नव्हते. मेंढरू आवाज ओळखते, हे त्याने कानांनी ऐकले होते. लांडगा म्हणजे काय, हे त्याला माहीत होते. वाघुराच्या तोंडाशी आडवा निजणारा मनुष्य स्वतःच दार होतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातील अवघड वाटणारे रूपक त्याने रात्री शेकोटीच्या उजेडात पाहिले होते. आणि राखोळीचे जनावर सांजेला परत आले नाही तर मालक दारात येऊन काय विचारतो, हेही त्यास सांगावयास नको होते. धनगराला गावकीत जे स्थान होते तेही मूळच्या मेंढपाळाशी जुळणारे. खत देऊन गेला तोवर हवा, आणि उभ्या पिकाजवळ दिसला की चोर, अशी त्याची दोन्ही ठिकाणी अवस्था.

या प्रदेशात ख्रिस्ती उपदेश दोन वाटांनी आला. सिंदखेडराजाच्या शेजारी, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, जालना आहे. १८४३ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी तेथे आपले कार्य मांडले आणि जालन्याजवळ निजामशाहीकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचे खेडे वसविले. अस्पृश्य गणलेल्या जातींतील लोक तेथे येऊन राहिले. बेथेल म्हणजे देवाचे घर. मेंढपाळ याकोबाने उशाला दगड घेऊन जेथे रात्र काढली त्या जागेचे हे नाव. दुसरी वाट वऱ्हाडातून. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेने अकोला केंद्र धरून खामगाव, बुलढाणा, मलकापूर येथे आपली ठाणी केली. आणि लगेच या पाळकांच्या परीक्षेचा काळ आला.

१८९६–९७ ची टंचाई ओसरते न ओसरते तोच १८९९ साली पाऊस गेला. विक्रम संवत १९५६ मधील म्हणून ज्यास छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो हाच. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ साली ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. जेथे दहा वर्षांत वाढ व्हावयाची तेथे एक लाख चाळीस हजारांहून अधिक घट झाली. आईबाप मेलेली, किंवा त्यांच्यापासून तुटलेली लेकरे रस्त्यांवर हिंडत होती. अकोला व खामगाव येथे मिशनने अशी मुले सांभाळली. तिकडे रमाबाईंनीही दुष्काळी मुलखांतून शेकडो मुली केडगावास नेल्या.

या कार्यावर तेव्हा दोन मते झाली आणि अजून आहेत. एका पक्षाच्या मते ही हरवलेल्या मेंढराची कथा प्रत्यक्षात उतरली. दुसऱ्या पक्षाने म्हटले, की हे भुकेल्यांचे धर्मांतर होय. दुसऱ्याच्या कळपातील कोकरे दुष्काळात उचलून नेली. आमच्या मते दोन्ही पक्षांनी आपापल्या मापाऐवजी मूळ उपमेचेच माप घ्यावयास हवे होते. यहेज्केलाने विचारलेले प्रश्न तीन: दुबळ्याला बळ दिले काय, मोडलेल्याला बांधले काय, हरवलेल्याला शोधले काय? त्या दुष्काळात ज्यांनी पेज शिजविली, पटकीने पछाडलेल्या लेकराचे अंथरूण धुतले, मुलींना अक्षर शिकविले, त्यांना या प्रश्नांना उत्तर देता येते. ज्यांचे लक्ष केवळ कळपाच्या मोजदादीवर होते त्यांना येत नाही. पण हाच प्रश्न टीकाकारांनाही लागू आहे. लेकरू दुसऱ्याच्या वाघुरात गेले म्हणून ओरडणाऱ्याने, ते रस्त्यावर होते तेव्हा आपण कोठे होतो, हे सांगितले पाहिजे. हक्क सांगणे सोपे आहे. राखोळीचा जबाब देणे कठीण.

येथवर मेंढपाळाची बाजू झाली. पण मराठी ख्रिस्ती भक्तीचा सर्वांत मोठा कवी या चित्रापाशी फारसा थांबला नाही, हेही सांगितले पाहिजे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली ते निवर्तले. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. अभंग, ओवी, कीर्तन ही साधने त्यांनी आपली केली. त्यांचे 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांना ख्रिस्त दिसला तो आईच्या व गुरूच्या रूपात. ज्याच्या कानांवर जन्मभर विठाईचा गजर पडला होता त्याने दुसरे काय करावे? आईच्या प्रतिमेत जी जवळीक आहे ती मेंढपाळाच्या प्रतिमेत नाही, हे खरेच आहे. आईला लेकराचा हिशेब कोणी विचारीत नाही. तिचे प्रेम हिशेबाच्या पलीकडचे असते. पण म्हणूनच आईची उपमा राजाला, पाटलाला, धर्मगुरूला लावता येत नाही. त्यांच्यासाठी जबाब मागणारी उपमा हवी, आणि ती मेंढपाळाची. घरातल्या देवाला आई म्हणावे. चव्हाट्यावरच्या सत्तेला मेंढपाळाची काठी दाखवावी.

मात्र देव आणि मेंढपाळ ही जोडी मराठी माणसाला मिशनऱ्यांनीच प्रथम दाखविली, असे कोणी समजू नये. धनगरांच्या ओव्यांत खंडोबा बाणाईच्या प्रेमाने तिच्या वाड्यावर चाकर होऊन मेंढरे राखतो. तो सारा कळप मारून टाकतो आणि पुन्हा जिवंत करतो. देव मेंढपाळ झाल्याची ही कथा जेजुरीपासून वऱ्हाडापर्यंत कोणत्याही धनगराला ठाऊक असते. गुंथर सोंथायमर या जर्मन पंडिताने धनगरांबरोबर हिंडून बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांचे मेंढपाळी मूळ १९७६ च्या आपल्या ग्रंथात उलगडले. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या ग्रंथात तर असे दाखविले, की ज्याला आपण माउली म्हणतो तो पंढरीचा विठ्ठलही मुळात गवळी-धनगरांचा देव असावा, पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेव आजही जोडीने नांदतात. हे मत मान्य केले, तर आमच्या संतांनी एका मेंढपाळ देवाला आई केले असे म्हणावे लागेल. घरातले उत्तर आणि रानातले उत्तर यांत आरंभी जे अंतर आम्ही मांडले ते वाटते तेवढे मोठे नाही. रान सोडून घरात आलो तेव्हा देवाच्या खांद्यावरचे घोंगडे आपण उतरवून ठेविले, एवढेच.

ते घोंगडे पुन्हा पाहण्याचे आज प्रयोजन आहे. बुलढाण्याच्या माळांवरचा धनगर अजून चालतो आहे, पण त्याची चराई आखडत गेली. इंग्रजी अमदानीत राखीव जंगले झाली, गायरानांवर वस्त्या व शेते आली, सुगीनंतर मोकळे राहणारे रान विहिरीच्या पाण्याने दुबार पिकू लागले. ज्याच्या धंद्यातून तीन खंडांतील लोकांनी ईश्वराचे चित्र काढले, त्याला मेंढरे कोठे न्यावी हा प्रश्न पडावा, यात त्याचा दोष किती व इतरांचा किती, याचा विचार वाचकांनी करावा. यहेज्केलाच्या लठ्ठ मेंढरांना उरलेले गवत तुडविण्याविषयी जे विचारले गेले, ते आपणांसही विचारले जाण्याजोगे आहे.

मेंढपाळाच्या उपमेने मनुष्यास मेंढरू केले, ही तक्रार म्हणूनच आम्हांस पटत नाही. त्या उपमेपुढे मान खाली घालण्याची पाळी मेंढरावर येत नाही. ती येते पदवी मिरविणाऱ्यावर. राजा असो, पाळक असो, संस्थेचा चालक असो की घरचा कर्ता असो, ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव सोपविला आहे त्याला सांजेला एकदा मोजणी द्यावी लागते. आणि मोजणीत शंभराच्या जागी नव्याण्णव भरली, तर कंदील घेऊन पुन्हा बाहेर पडावे लागते. घाटावरचा अडाणी म्हटला जाणारा मेंढका हे रोज करतो. त्याच्यापासून धर्मग्रंथांनी हे शिकून घेतले, आणि ते शिकल्याची कबुली म्हणून ईश्वरास त्याचे नाव दिले.